म्यान आधी, तलवार मागाहून

व्हिएन्नातल्या होफबुर्ग राजवाड्याच्या खजिनाघरातून बाहेर आलो तेव्हा मामा गप्प होता. सगळी नोकरी पिंपरीच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस. पोलाद दिसलं की तो बोलायला लागतो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. आत काचेमागे पवित्र रोमन साम्राज्याची राजतलवार होती आणि तिचं म्यान. जर्मन राजांच्या राज्याभिषेकात मिरवली जाणारी ही तलवार ११० सेंटिमीटर लांब आहे. मुठीला चांदीची तार गुंडाळलेली, आडव्या दांड्यावर आणि मुठीच्या टोकाच्या लट्टूवर सोन्याचा मुलामा. म्यान ऑलिव्हच्या लाकडाचं, त्यावर सोन्याचे पत्रे, आणि पत्र्यांवर उठावात घडवलेले चौदा राजे, एका अंगाला सात, दुसऱ्या अंगाला सात. मामा तलवारीपुढे पाच मिनिटं थांबला असेल. म्यानापुढे मात्र बराच वेळ उभा होता, मान वाकडी करून.

पाऊस थांबला होता. हेल्डनप्लाट्सच्या मोठ्या चौकात एक बाक पुसून आम्ही बसलो. मामानं लांब दांड्याची छत्री तिच्या कापडी खोळीत घातली, गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला. मग आमचा वाद लागला. तो आठवतो तसा इथे मांडते, कारण त्यातलं दोघांचंही म्हणणं मला अजून सोडवत नाही.

मामा : पाटीवरचं तू वाचून दाखवलंस, त्यातली एक गोष्ट पटत नाही. म्यान अकराव्या शतकातलं आणि तलवार त्यानंतर शंभरेक वर्षांनी, चौथ्या ओटोच्या काळातली. अगं, आधी जॉब होतो, मग त्याची पेटी. पेटी आधी आणि जॉब मागाहून, असं मी कुठे पाहिलं नाही.

मी : काही अभ्यासक पातंही जुनंच मानतात. पण मुठीचा लट्टू ओटोचाच, कारण त्यावर त्याची चिन्हं आहेत. एका बाजूला साम्राज्याचा गरुड, दुसऱ्या बाजूला अर्धा गरुड आणि तीन सिंह. ते सिंह इंग्लंडच्या राजघराण्याचे. इंग्लंडचा राजा रिचर्ड हा ओटोचा मामा. ओटो वाढला तो मामाच्याच दरबारात.

मामा : म्हणजे जर्मन राजाच्या तलवारीवर आजोळची खूण. बरं, पण म्यान जुनं का ठेवलं? तलवार नवी केली, तर म्यानही नवं करता आलं असतं. सोन्याला तोटा नव्हता.

मी : सोन्याला नव्हता, पण नव्या राजाला जुने राजे कुठून आणता येणार? ११९८ साली एकाच गादीवर दोघांची निवड झाली होती. ओटोला आखेनमध्ये मुकुट चढवला. राज्याभिषेकाची ती खरी जागा. पण पिढ्यान्‌पिढ्यांची राजचिन्हं होती त्याच्या विरोधकाकडे, श्वाबियाच्या फिलिपकडे. एकाकडे खरी जागा, दुसऱ्याकडे खऱ्या वस्तू. दहा वर्षं हे चाललं. १२०८ साली बांबेर्गमध्ये फिलिपचा खून झाला, तेव्हा कुठे ओटोचा रस्ता मोकळा झाला. आता म्यानावरची रांग आठव. शार्लमेनपासून सुरू होते आणि तिसऱ्या हाइनरिशपाशी थांबते. अडीचशे वर्षांचे राज्यकर्ते एका लाकडावर उभे. पातं कुणीही घडवून घेईल रे. ते पातं कुणाच्या हवाली करायचं, हे ते चौदा जण सांगतात.

मामा : तू म्हणतेस ते मला उलट दिसतं. ज्याचा हक्क पक्का असतो त्याला पूर्वजांची रांग सोन्यात कोरून मिरवावी लागत नाही. तिसऱ्या हाइनरिशनंतर कोण आलं ते तूच मघाशी सांगितलंस.

मी : त्याचा मुलगा, चौथा हाइनरिश. १०५६ साली बाप गेला तेव्हा पोर सहा वर्षांचंही नव्हतं. मोठेपणी पोपशी भांडला. पोपनं धर्माबाहेर टाकल्यावर सरदारांनी पाठ फिरवली, आणि १०७७ च्या जानेवारीत कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस क्षमा मागत उभा राहिला.

मामा : झालं तर. तेव्हा त्या चौदा जणांनी काय केलं? आणि ओटोचं काय झालं?

मी : १२१४ साली बूव्हीनच्या लढाईत फ्रान्सच्या राजानं त्याचा पराभव केला. त्यानंतर तो सावरला नाही.

मामा : मग सोन्याचं म्यान कशाला? मी तलवारीकडे कारागीर म्हणून बघतो. पोलाद कसलं, पाणी कसं दिलंय, तोल कुठे येतो, धार कशी धरते. ही चार प्रश्नांची परीक्षा आहे. ती द्यायची वेळच या तलवारीवर येऊ दिली नाही. जे हत्यार काम करायला केलंच नाही, त्याला मी हत्यार म्हणत नाही. त्यापेक्षा आपल्या लोकांची समज बघ. मराठ्यांनी युरोपातली पाती घेतली, जर्मनीतलीही घेतली. झोलिंगनच्या पात्यांना जगभर मान होता. सरळ, लांब, न मोडणारं पातं. त्याला आपली मूठ बसवली आणि नाव ठेवलं फिरंग. पातं परक्याचं आहे म्हणून टाकलं नाही, पातं चांगलं आहे म्हणून घेतलं. हाताला कळत होतं काय हवं ते.

मी : पण मामा, खंडेनवमीला तू काय करायचास? मी लहान असताना मला शॉपमध्ये घेऊन जायचास. मशीनं धुऊनपुसून ठेवलेली, लेथला झेंडूची माळ, टेबलावर कानशी, हातोड्या, मायक्रोमीटर मांडलेले. हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि त्या दिवशी एकाही अवजाराला कामाला हात लावायचा नाही. तेव्हा तू कानशीची धार तपासत होतास का? काम थांबवून अवजारापुढे हात जोडणं, हे तूच मला शिकवलंस. आत जे आहे ते तेच आहे.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. माझं म्हणणं त्याला लागलं होतं, पण पटलं नव्हतं. तो शब्द जुळवत होता.

मामा : तसं नाही. खंडेनवमीला मशीन बंद, पण दसऱ्यानंतर तेच मशीन सुरू. आम्ही पूजा करायचो ती वर्षभर झिजलेल्या अवजाराची. त्याच्यावर पोरांची शिक्षणं झालेली असायची. कानशीचे दात गेलेले दिसायचे, हातोडीच्या दांड्याला आमच्या तळव्यांचा आकार आलेला असायचा. तो मान कष्टाला होता. ही तलवार कुठे झिजलीय? जे झिजलंच नाही त्याची पूजा म्हणजे नुसती सत्तेची पूजा. हा फरक तू पुसू नकोस.

मी : हा फरक मान्य. पण मग म्यानापुढे इतका वेळ का थांबलास?

मामा : ते काम बघत होतो. पातळ पत्रा मागून ठोकून चेहरे काढायचे, आणि पत्रा कुठे फाटू द्यायचा नाही. त्याला हात लागतो. पण त्यात एक चूक दिसली. माणूस इतका कसबी, आणि चौदाच्या चौदा राजे उलटे बसवलेत. त्यांची डोकी टोकाकडे आणि पाय मुठीकडे. कमरेला तलवार लटकवली की सगळे शीर्षासनात. असा कारागीर असली चूक करणार नाही, म्हणून मान वाकडी करून बघत बसलो.

मी : चूक नाहीच ती. ही तलवार कमरेला लावून मिरवायची नव्हती. राज्याभिषेकानंतर मिरवणूक निघायची तेव्हा राजाच्या पुढे एक मानकरी चालायचा. त्याच्या हातात ही तलवार, म्यानासकट, टोक आकाशाकडे करून धरलेली. तशी धरली की चौदाही राजे सरळ उभे राहतात. ऐहिक सत्तेची ती खूण. १३५६ च्या सुवर्ण राजाज्ञेनं हा मान सॅक्सनीच्या ड्यूकचा ठरवला. तो साम्राज्याचा महामार्शल. म्हणून सॅक्सनीच्या ढालीवर दोन तलवारी आडव्यातिडव्या आल्या, आणि त्याच खुणेतून पुढे माइसनच्या चिनीमातीच्या भांड्यांवरची निळ्या तलवारींची जोडी आली. काल दुकानात कपाच्या बुडाला बघितलीस ना, तीच.

मामा : म्हणजे राजा मागे, तलवार पुढे, आणि तलवार दुसऱ्याच्या हातात.

मी : हो, आणि म्यानात. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. लोकांना दाखवायचं ते पातं नव्हे. पातं आत आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. समोर दिसतं ते म्यान, म्हणजे आधी होऊन गेलेल्यांची रांग. राजाला रस्त्यानं चालताना आपल्या आधीचे चौदा जण डोळ्यांपुढे ठेवून चालावं लागतं. बळ नवं असलं तरी ते जुन्या मर्यादेत बसलं पाहिजे, हे शब्दाविना सांगायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. म्हणून म्यान आधी आणि तलवार मागाहून, यात मला काही उलटं वाटत नाही. तसंच असायला हवं.

मामा : तू त्या म्यानावर फार भार टाकतेस. मुठीवरची अक्षरंही तूच वाचून दाखवलीस. आडव्या दांड्यावर ख्रिस्ताच्या विजयाची आणि राज्याची घोषणा, आणि लट्टूवर देवाची स्तुती, कशासाठी, तर तो हातांना लढाई शिकवतो म्हणून. म्यानाबाहेर राहतं ते एवढंच, आणि तेही लढाईचंच. आणि आपण बसलोय कुठे ते बघ. तो समोरचा सज्जा.

समोर नव्या राजवाड्याचा अर्धगोल पसरला होता. मधल्या सज्ज्यावरून १५ मार्च १९३८ ला हिटलरनं ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केल्याचं जाहीर केलं, तेव्हा हा चौक माणसांनी गच्च भरला होता. आज तिथे सायकली होत्या आणि एक मुलगी पाण्याच्या डबक्यातून उड्या मारत होती.

मामा : त्याच वर्षी ही तलवार इथून नेली ना?

मी : हो. मुकुट, राजदंड, तलवार, सगळंच न्यूरेंबर्गला नेलं. पक्षाचा मेळावा भरायचा ते हेच शहर. न्यूरेंबर्गला नेण्यात त्यांचं एक गणितही होतं. १४२४ साली सम्राट सिगिस्मुंडनं ही राजचिन्हं कायमची म्हणून त्या शहराच्या हवाली केली होती. पुढे जवळपास शंभर वर्षं तिथे वर्षातून एकदा ती लोकांना दाखवत. १७९६ साली फ्रेंच सैन्य जवळ आलं तेव्हा ती तिथून हलवली आणि नंतर व्हिएन्नात आणली. १८०६ साली साम्राज्यच संपलं. म्हणजे नाझींच्या हातात एक जुनी तक्रार होती, ती त्यांनी वापरली.

मामा : मग तुझ्या म्यानानं कुणाला अडवलं? चौदा राजे, हजार वर्षांची मर्यादा, हे सगळं त्यांनी काचेत मांडलं आणि आपणच त्या रांगेतले पुढचे म्हणून सांगितलं. जुन्या म्यानात हवी ती तलवार बसते, हे तू मघाशी कौतुकानं सांगितलंस. मला त्याचीच भीती वाटते. आज कुणीही उठतो आणि पूर्वजांची रांग पाठीशी लावून हातातलं हत्यार पवित्र करून घेतो. म्यान जितकं सुंदर, तितकं आत काय आहे हे विचारायचं माणूस विसरतो.

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. जे होतं ते सांगितलं. युद्ध संपताना न्यूरेंबर्गच्या अधिकाऱ्यांनी मुकुट, गोल, राजदंड आणि दोन तलवारी बाकीच्या खजिन्यातून वेगळ्या काढल्या आणि एका भुयारी निवाऱ्यात भिंतीआड चिणून टाकल्या. अमेरिकन सैन्यात वॉल्टर हॉर्न नावाचा कला-इतिहासकार होता, जन्मानं जर्मनच. त्यानं त्या अधिकाऱ्यांची चौकशी केली आणि १९४५ च्या उन्हाळ्यात भिंत फोडून त्या वस्तू बाहेर काढल्या. जानेवारी १९४६ मध्ये त्या व्हिएन्नाला परत आल्या.

मामा : म्हणजे हरल्यावर लपवली. जिंकत असताना मिरवली, हरल्यावर भिंतीत. आता इथे आहे ती तरी योग्य जागी आहे का?

मी : आहे, असं मला वाटतं. पण ती व्हिएन्नाची आहे म्हणून नव्हे. इथे तिच्यावर कुणाचं राज्य चालत नाही म्हणून. तिकीट काढून आलेला कुणीही पुढे उभा राहून म्हणू शकतो की हे राजे उलटे बसवलेत. वस्तू कुणाची, हा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही. २०२५ साली नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सरकारनं घेतली आणि मुंबईला आणली. पातं युरोपातलं, मूठ आपल्याकडची, पात्यावर देवनागरीत त्यांचं नाव. तू मघाशी म्हणालास, पातं चांगलं म्हणून घेतलं. पण परत आणताना पात्यासाठी नाही आणली रे. त्या नावासाठी आणली. तू म्हणतोस तसं पातंच सगळं असतं, तर ती मिळाली काय आणि न मिळाली काय, कुणाला काय वाटलं असतं?

मामा : ते खरं. बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पोलादासाठी नव्हतं.

मी : अजून एक सांगायचं राहिलं. या तलवारीला लोक ओटोची तलवार म्हणत नसत. संत मॉरिशसची तलवार म्हणत.

मामा : तो कोण?

मी : आख्यायिकेतला रोमन सेनानी, इजिप्तमधल्या थीबच्या पलटणीचा प्रमुख. साम्राज्यानं त्याला आपला रक्षक संत मानलं होतं. माग्देबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये त्याचा तेराव्या शतकातला पुतळा आहे, चिलखतातला आफ्रिकी योद्धा, चेहरा खऱ्याखुऱ्या माणसासारखा. गोष्ट अशी सांगतात की सम्राटानं त्याच्या पलटणीला आपल्याच धर्मबांधवांवर चालून जायला सांगितलं. त्यानं नकार दिला. सगळ्या पलटणीनं दिला. त्यांच्या हातात हत्यारं होती. सम्राटाविरुद्धही ती त्यांनी उपसली नाहीत आणि ते मारले गेले.

मामा : आणि सम्राटाच्या तलवारीला त्याचं नाव?

मी : सम्राटाचा हुकूम न मानणाऱ्याचं नाव. शतकानुशतकं.

मामानं चष्मा काढून पुसला.

मामा : मग आपल्या दोघांतलं अंतर इथे आहे. तू म्हणतेस, म्यान तलवारीला आवरतं. मी म्हणतो, आवरतो तो माणूस. मॉरिशसचं म्यान सोन्याचं नव्हतं आणि त्याच्यावर पूर्वजही नव्हते. तरी त्याची तलवार बाहेर आली नाही. आणि इथे चौदा राजे पहाऱ्याला असताना जे व्हायचं ते झालं.

मी : पण हाताला आवरायला कुणीतरी शिकवावं लागतं, मामा. मॉरिशसची गोष्ट माणसांनी सांगत ठेवली म्हणूनच ती या तलवारीपर्यंत आली. म्यान तेच करतं, गोष्ट सांगत राहतं. ऐकायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या हातात.

मामा उठला. मला वाटलं, आता परत जायचं म्हणतोय. पण त्यानं मांडीवरची छत्री उचलली आणि मूठ वर, टोक खाली, अशी आधी लटकवून धरली. खोळ सुटून डबक्यात पडली. ती त्यानं उचलली, झटकली, पुन्हा चढवली. मग छत्रीची मूठ दोन्ही हातांत धरून टोक वर केलं, छातीसमोर, आणि चार पावलं चालला. खोळ जागची हलली नाही.

मामा : हे बघ. कमरेला असली की एका झटक्यात बाहेर येते. टोक वर धरली की म्यान स्वतःच्या वजनानं मुठीवर बसून राहतं. उपसायची तर आधी खाली आणावी लागेल. ज्यानं ही रीत घालून दिली, त्याला हत्यार कळत होतं.

मी : म्हणजे माझं पटलं?

मामा : अर्धं. धरणाऱ्यानं ती वर धरून ठेवली पाहिजे. आणि अगं, एक मीटर लांबीचं पोलाद, वर लाकूड, वर सोनं, असं हात ताणून मिरवणूक संपेपर्यंत धरायचं. हात भरून येतात. मघापासून मी धारेचा विचार करत होतो. आता वाटतं, या तलवारीचं खरं काम ते आहे. ते सोपं नाही.

पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला. मामानं खोळ काढून खिशात घातली, छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली.